सात वर्षं प्रोबेशनवर

आमच्या कारखान्यात कुणाच्या फाईलला एक फोटो जरी कमी असला तरी मी त्याला आल्या पावली परत पाठवते. माझ्या माघारी लोक मला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणू देत. लातूरच्या एमआयडीसीत आमचा सोयाबीन तेलाचा कारखाना आहे आणि तिथली एचआर म्हणाल तर मी एकटीच. हजेरी माझी, पीएफ माझा, कँटीनच्या भाजीत मीठ जास्त पडलं तर ते गाऱ्हाणंही माझ्याकडंच. आधीचे एचआर मॅनेजर पुण्याला निघून गेले त्याला तीन वर्षं झाली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही, त्यांचं काम तेवढं माझ्या टेबलावर आलं. माझं पद मात्र रुजू झाले त्या दिवशीचंच, एचआर एक्झिक्युटिव्ह.

दर दिवाळीच्या तोंडावर मालक म्हणायचे, बघू मॅडम, यंदा तुमचं काहीतरी करू. मी बरं म्हणायचे आणि बाहेर येऊन दुसऱ्यांच्या प्रमोशनची पत्रं टाइप करायचे. माझे वडील, आमचे अण्णा, चाकूरला शेती बघतात. दर रविवारी त्यांचा फोन येतो. पाऊसपाणी झालं, रानातलं झालं की शेवटी विचारणार, "ताई, मॅनेजर झालीस का न्हाई?" हे विचारायच्या आधीच मी फोन ठेवायची घाई करायचे.

पस्तिशी उलटली होती. आता नाही तर कधीच नाही, असं डोक्यात सारखं चालू असायचं. भाकरी थापताना चालू, अंघोळ करताना चालू. अशात नांदेडजवळच्या एका नव्या कारखान्याची जाहिरात दिसली, एचआर मॅनेजर पाहिजे म्हणून. कुणाला न सांगता अर्ज केला. फक्त नवऱ्याला सांगितलं. ते शाळेत मास्तर आहेत, जरा शांत डोक्याचे. जाऊन तर ये, म्हणाले.

दवाखान्याचं कारण सांगून सुट्टी काढली आणि सकाळची एसटी धरली. गाडी चाकूरच्या स्टँडवर थांबली तेव्हा ओढणी तोंडावर घेऊन झोपेचं सोंग केलं, कारण तिथं ओळखीचं कुणी भेटलं असतं तर अर्ध्या तासात अण्णांच्या कानावर गेलं असतं. मुलाखत बरी झाली. तिथले साहेब म्हणाले, पुढच्या शनिवारी कागद घेऊन या. अपॉइंटमेंट लेटर आणि कायम केल्याचं पत्र, दोन्ही पाहिजेत. पद मॅनेजरचं आहे, कागदात कसर नको.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझी स्वतःची फाईल काढली. सगळ्यात बारीक फाईल. अपॉइंटमेंट लेटर होतं, त्यात सहा महिने प्रोबेशन लिहिलेलं होतं. त्यापुढं काहीच नाही. परत परत चाळली. कपाटातल्या शेजारच्या फायलीही उलट्या करून बघितल्या. नाही म्हणजे नाही.

आमच्याकडं नवीन माणसाचे सहा महिने भरले की कायम केल्याचं पत्र निघतं. तारखा बघून ते पत्र काढणारी कोण, तर मी. बॉयलरवाल्याचं काढलं, वॉचमनचं काढलं, सगळ्यांची ठरल्या दिवशी निघाली. माझे सहा महिने भरले ते मला दिसलेच नव्हते. म्हणजे कागदोपत्री मी सात वर्षं प्रोबेशनवरच. आणि हे पत्र मागायला जायचं तर आत्ताच कशाला लागतंय हे मालक विचारणारच.

दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. त्यात आणखी एक गोष्ट मला छळत होती. मालक बाहेरगावी जाताना कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून माझ्याकडं ठेवून जातात. अशी दोन लेटरहेडं त्या दिवशीही ड्रॉवरमध्ये होती. मागची तारीख टाकून पत्र छापलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. एकदा तर कागद प्रिंटरला लावलाही. मग स्वतःचीच शिसारी आली आणि काढून ठेवला.

बुधवारी धाडस करून केबिनमध्ये गेले. मालकांना म्हटलं, माझ्या फाईलला कायम केल्याचं पत्रच नाही. ते फोनवर कुणाशी तरी सोयाबीनच्या भावाचं बोलत होते. फोन बाजूला धरून हसले आणि म्हणाले, सात वर्षं कच्च्याच का तुम्ही? करून आणा की पत्र, पद काय टाकायचं ते टाका, सही करतो. कशाला लागतंय हे विचारलंसुद्धा नाही.

बाहेर येऊन कॉम्प्युटरसमोर बसले. मॅनेजर असं टाइप केलं. वाटलं, मालक बघतील आणि म्हणतील, बोट दिलं तर हात धरला. शेजारच्या टेबलावर अकाउंटंट काका बसतात. ते अख्ख्या ऑफिसात सांगत सुटतील. पुसलं. सीनियर एक्झिक्युटिव्ह टाकलं. त्याचीही लाज वाटली. सीनियर पुसलं. जे उरलं ते छापून घेऊन गेले.

मालकांनी चष्मा लावून वाचलं. पेन हातात धरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मला वाटलं मॅनेजर टाकून आणताल. तीन वर्षं बघायलोय, ह्या बाई स्वतः मागतेत का न्हाई. तुम्हाला नकोच असंल मग." आणि सही केली.

मी असू द्या सर म्हटलं. असू द्या! जागेवर येऊन बसले तर अंगाचा नुसता भडका उडाला होता. तीन वर्षं मॅनेजरचं काम फुकटात करून घेताना ह्यांना बोलायला जीभ नव्हती का? आणि मला? आयता कागद हातात दिला होता की. सगळ्या जगाची पत्रं लिहिणाऱ्या बाईला स्वतःपुरता एक शब्द टाइप करता आला नाही.

शनिवारी नांदेडच्या साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. कायम होऊन तीनच दिवस झालेत, पद एक्झिक्युटिव्ह, म्हणाले. मग आपण एक्झिक्युटिव्ह म्हणूनच घेऊ, मॅनेजरचं पुढं बघू. माझ्या तोंडात बरं आलंच होतं. ओठांपर्यंत आलेलं ते गिळलं.

"साहेब, हे पत्र मीच टाइप केलंय," मी म्हटलं. "पद टाकायचं माझ्याच हातात होतं, मी भ्याले. मॅनेजर म्हणून घेत असाल तर येते. न्हाई तर हाय तिथं बरी हाय."

ऑफिसात मी पुस्तकी बोलते, पण त्या वेळी तोंडातून अण्णांचीच भाषा निघाली. साहेब कळवतो म्हणाले. कळवतो म्हणजे काय ते एचआरवाल्याला कुणी सांगायला नको. मी स्वतः कितीजणांना तसं म्हणून वाटेला लावलंय. बाहेर येऊन पायरीवर बसले.

त्याला आज अकरा दिवस झाले. फोन आलेला नाही, येईल असंही वाटत नाही. सोमवारी मालक मुंबईहून परत येणार आहेत. आल्या आल्या केबिनमध्ये जाऊन मॅनेजरचं पद मागायचं ठरवलंय. पत्र टाइप न करता जाणार आहे. आधी तोंडानं मागणार, मॅनेजर टाका असं ते स्वतः म्हणाले की मगच टाइप करणार. नाही म्हणाले तर पुढं काय, ते मला माहीत नाही.