यमुनाबाईंचा ओव्हन तापेनासा झाला

लोकमान्य नगरातल्या जुन्या मराठी घरांत अजूनही कुणाचा मिक्सर जळाला किंवा इस्त्री तापेनाशी झाली, की दुकानात नेण्याआधी "एकदा सरांना दाखवून घे" असं म्हणतात. सर म्हणजे अच्युतराव पुराणिक. इंदूरच्या एका शाळेत त्यांनी उभा जन्म फिजिक्स शिकवलं आणि रिटायर झाल्यावर मागच्या पडवीत टेबल मांडून बसले. टेबलावर मीटर, सोल्डरिंगची कांडी, डब्याडब्यांतून स्क्रू. माणूस मोठा हट्टी. बिघडलेली वस्तू समोर आली की तिचं नेमकं काय दुखतंय ते कळेपर्यंत त्यांना जेवण सुचायचं नाही. बायकोनं हाकांवर हाका माराव्यात आणि यांनी "हो, घाल मीठ" असं भलतंच उत्तर द्यावं, असा संसार.

बायको म्हणजे यमुनाबाई. नानकटाई करावी तर त्यांनीच, असं सगळी गल्ली म्हणायची. अभिराम, त्यांचा एकुलता एक मुलगा, बालवाडीत जायला लागला त्या वर्षी घरात एक ओव्हन आला होता. पांढऱ्या इनॅमलचा, दाराला काच, वर एक रॉड, खाली एक रॉड, बाजूला फिरवायचं बटण आणि त्याच्यावर लाल दिवा. बटणावरचे आकडे कधीच पुसून गेले होते, पण यमुनाबाईंना आकडे लागतच नसत. दार उघडून त्या तळहात आत धरायच्या आणि म्हणायच्या, "तापला. आता ठेवते." कुणाची मुंज असो, कुणाचं बाळंतपण असो, यमुनाबाईंचा डबा गेला नाही असं झालं नाही.

गेल्या वर्ष-दीड वर्षात त्यांचं विसरणं वाढलं होतं. चहात साखर दोनदा पडायची. सियागंजातून वेलदोडे आणायला निघालेल्या यमुनाबाई एकदा राजवाड्यापाशी उभ्या राहून रिक्षावाल्याला विचारू लागल्या, "भिया, मला कुठे जायचं होतं?" तो बिचारा ओळखीचा निघाला, म्हणून घरी आणून सोडलं. अच्युतराव हसण्यावारी न्यायचे. "वय झालं. मी पण चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो." डॉक्टरांनी औषधं लिहून दिली होती, ती ते वेळेवर द्यायचे. पण त्या आजाराचं नाव त्यांनी घरात एकदाही उच्चारलं नाही.

दिवाळी झाली आणि ओव्हन तापेनासा झाला.

पहिल्यांदा अच्युतरावांना कळलंच नाही. कळलं ते कचऱ्याच्या डब्यामुळे. ओला कचरा गाडीत टाकायला नेताना त्यांना डबा जड लागला. झाकण काढून पाहिलं तर आत नानकटाईचं कच्चं पीठ. नीट थापलेल्या गोल चकत्या, प्रत्येकीवर पिस्त्याचा तुकडा बसवलेला, एकमेकींना चिकटून गोळा झालेल्या. एका दिवसाच्या नव्हत्या त्या. खालच्या थराला वास यायला लागला होता.

स्वयंपाकघरात यमुनाबाई ओव्हनसमोर पाटावर बसल्या होत्या. काचेतून आत बघत होत्या. लाल दिवा लागलेला होता.

"काय करतेस गं?"

त्यांनी मान वर केली नाही. "भाजल्या जात नाहीयेत हो. मी काहीतरी विसरतेय. काहीतरी करायचं असतं आधी, आणि ते मला आठवत नाही."

अच्युतरावांनी दार उघडून हात घातला. आत गार. माठाच्या पोटासारखं गार.

"अगं, ओव्हन बिघडलाय."

"नाही हो. दिवा लागलाय की." मग त्या एकदम लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. "मलाच येईनासं झालंय. मला नानकटाई येईनाशी झाली. तुम्ही कुणाला सांगू नका."

अच्युतरावांनी तिथल्या तिथे ओव्हन उघडायला हवा होता. दिवा लागतोय म्हणजे करंट आतपर्यंत येतोय, हे विद्यार्थ्यांना शेकडो वेळा सांगितलेलं. पण बायको रडत असताना त्यांना पेचकस हातात धरवेना. "थर्मोस्टॅट गेला असणार. नवा घेऊन येतो, मग बघ कसा तापतो," असं म्हणून ते चपला घालून सरळ घराबाहेर पडले. महाराणी रोडवर दुपारभर दुकानं पालथी घातली. दुकानदार म्हणायचे, "सरजी, ये तो पुराना माल है, अब कहाँ मिलेगा," आणि ते पुढच्या दुकानात जायचे. थर्मोस्टॅट मिळेना याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नव्हतं. घरी परत जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी एका कोपऱ्यातल्या दुकानात धूळ खात पडलेला एक मिळाला, तो खिशात घालून ते घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाबाईंना आंघोळीला पाठवून त्यांनी ओव्हन पडवीत उचलून आणला. प्लग काढलेला होता तरी सवयीनं पुन्हा बघितला. मागचा पत्रा उघडला. आधी मीटर लावला वरच्या रॉडला. रॉड शाबूत. खालच्याला लावला. तोही शाबूत. बटण फिरवलं तर थर्मोस्टॅट टक्क करून बोलला, मीटरचा काटाही हलला. म्हणजे कालचा दिवस वाया. सगळं ठणठणीत आणि ओव्हन मात्र गार, असं कसं होईल? त्यांनी टॉर्च आणला आणि तारेमागे तार बोटानं धरून चालत गेले.

दोन्ही रॉडना मिळून एकच तार परत जात होती. ती जागेवर नव्हती. तुटली नव्हती, जळली नव्हती, सैल होऊन गळून पडली नव्हती. तिचा स्क्रू काढून पुन्हा घट्ट बसवलेला होता. तारेचं टोक मागे दुमडून त्यावर उष्णता सोसणारी पांढरी पट्टी गुंडाळलेली, आणि पट्टीचं शेवटचं टोक आत खोचलेलं, म्हणजे उद्या कुणाला काढायचं झालं तर नखानं निघावं.

अशी पट्टी खोचायला त्यांनी एकाच माणसाला शिकवलं होतं.

अभिराम पीथमपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता आणि बायको-मुलांसह शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. अच्युतरावांनी फोनवर एवढंच म्हटलं, "ये." संध्याकाळी तो आला. पडवीत उघडा पडलेला ओव्हन बघितला आणि हेल्मेट हातात तसंच धरून उभा राहिला.

"हे तू केलंस?"

"हो बाबा."

"माझ्या घरात, मला न विचारता?"

"दसऱ्याला कृष्णरावकाका वारले तेव्हा तुम्ही त्यांच्या घरी गेला होता ना? मी इथे आलो तर घरभर धूर. आईनं ओव्हनमध्ये प्लास्टिकचा डबा ठेवला होता, पिठाचा, झाकणासकट. आणि ती बाहेर झाडांना पाणी घालत होती. मला म्हणाली, कोणाकडे आलात आपण?" अभिरामचा आवाज फाटला. "मी सगळं साफ केलं, खिडक्या उघडल्या. तुम्ही आल्यावर सांगितलं पण."

"नाही सांगितलंस."

"सांगितलं बाबा. कितीदा बोललो. आईला अकेला छोडना ठीक नहीं, म्हणालो. तुम्ही म्हणालात, वय झालंय, मी पण चष्मा शोधतो. मग काय करू मी? प्लग काढून ठेवला तर ती लावेल. ओव्हन उचलून नेला तर तुम्ही भांडाल. म्हणून भाऊबीजेला आलो तेव्हा तार काढली. मला वाटलं, ती म्हणेल ओव्हन बिघडला, आणि सोडून देईल."

"ती म्हणाली, मी बिघडले."

अभिराम खाली बसला. हेल्मेट मांडीवर घेतलं. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही," म्हणाला.

पण अच्युतरावांचा राग तेवढ्यानं उतरला नाही. खरं तर तो राग मुलावर नव्हता, पण समोर मुलगाच होता. "ओव्हन तिचा आहे," ते म्हणाले. "मी जिवंत आहे तोवर तिच्या घरात तिचं काही तोडायचं नाही." त्यांनी नखानं पट्टी सोडली, तार जागेवर बसवली, स्क्रू आवळला, पत्रा लावला. अभिराम "बाबा, मत करो" म्हणत राहिला. त्यांनी ओव्हन आत नेऊन ओट्यावर ठेवला आणि हाक मारली, "यमुना! ये, झाला बघ."

यमुनाबाई पदराला हात पुसत आल्या. बटण फिरवलं. दिवा लागला, आणि हळूहळू काचेआड खालचा रॉड लालसर झाला, मग वरचा. तो लाल रंग बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते अच्युतरावांनी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. त्यांनी मुलाकडे वळून बघितलं. बघ, असं म्हणायचं होतं त्यांना.

तेवढ्यात यमुनाबाईंनी दार उघडलं आणि नेहमीसारखा तळहात आत धरला. आयुष्यभर तो हात दाराशी थांबायचा. आज थांबला नाही. पुढे जात राहिला आणि लाल रॉडवर टेकला.

किंकाळी फुटायच्या आत अभिरामनं त्यांना मागे ओढलं. चार बोटांची टोकं पांढरी पडली होती. नळाखाली हात धरून ठेवला तेव्हा त्या अच्युतरावांकडे बघून विचारत होत्या, "का मारलंत मला? मी काय केलं?"

अच्युतरावांनी नळ आणखी मोठा सोडला.

अभिराम आईला घेऊन दवाखान्यात गेला. अच्युतराव एकटेच घरी राहिले. ओव्हन निवेपर्यंत त्याच्यासमोर, त्याच पाटावर बसून राहिले. मग प्लग काढला, पत्रा उघडला, तार सोडवली. टोक मागे दुमडलं, पट्टी गुंडाळली. पट्टी नीट बसेना. परत सोडून परत गुंडाळली. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी एक चालू वस्तू आपल्या हातानं बंद पाडली. आणि पत्रा लावता लावता एकदाचे रडले. मोठमोठ्यानं, पडवीतल्या टेबलावर डोकं टेकून. शेजारच्या शलाकाताई कठड्यापाशी आल्या, त्यांनी बघितलं आणि परत आत गेल्या.

सकाळी यमुनाबाईंना काहीच आठवत नव्हतं. हाताला बँडेज बघून म्हणाल्या, "हे काय लागलं हो मला?" मग चहा घेता घेता ओव्हनकडे नजर गेली आणि चेहरा कावराबावरा झाला. "अहो, माझ्या नानकटाया..."

अच्युतराव त्यांच्याजवळ सरकून बसले. "ओव्हन गेला, यमुना. दोन्ही रॉड गेले. मी उघडून बघितलं."

"तुम्ही दुरुस्त करा ना."

"नाही होणार आता. पार्ट मिळत नाहीत. महाराणी रोड सगळा फिरलो."

"अरे रे. जुना होता हो आपला." त्या हळहळल्या. मग थोड्या वेळानं, बिचकत बिचकत म्हणाल्या, "म्हणजे... माझं काही चुकत नव्हतं?"

"तुझं काहीच चुकलं नव्हतं."

"मी तर म्हटलं मला येईनासं झालं." आणि त्या मोकळं हसल्या. बँडेजच्या हातानंच त्यांनी कप उचलायला घेतला, तेव्हा अच्युतरावांनी तो त्यांच्या ओठांना लावला.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाईंनी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. रोज सकाळी तोच कावराबावरा चेहरा, तेच खोटं, तीच हळहळ, आणि शेवटी तेच हसू. अभिराम म्हणाला, "बाबा, मी ओव्हन घेऊन जातो, दिसणारच नाही तर विचारणार नाही." अच्युतरावांनी नेऊ दिला नाही. पुढे त्यांनी मुलाचं बाकी सगळं ऐकलं. आजाराचं नाव घेतलं, डॉक्टरांना नीट प्रश्न विचारले, दिवसभरासाठी एक बाई ठेवली, गॅसला कुलूप लावलं. पडवीतलं टेबल आवरून टाकलं, कारण तिथे बसलं की यमुनाबाईंकडे पाठ होत असे. कुणी मिक्सर घेऊन आलंच तर ते आत त्यांच्याशेजारी बसून बघायचे. पण ओव्हन मात्र ओट्यावर तसाच राहिला. दिवसातून एकदा का होईना, "तुझं काही चुकलं नव्हतं" हे बायकोला सांगायला मिळायचं, आणि ती ते ऐकून हसायची. तेवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा.

थंडी वाढली. हाताच्या जखमा भरल्या. यमुनाबाईंचं विचारणं कधी सकाळचं दुपारवर जायला लागलं, कधी एखादा दिवस गळायला लागला. संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या, ओव्हनवरून नजर फिरली, आणि पुढे निघून गेली. भिंतीवरून, खिडकीवरून, अच्युतरावांवरून जावी तशी.

ते वाट बघत राहिले. चहा झाला, आंघोळ झाली, जेवण झालं. उन्हात खुर्ची टाकून त्यांनी यमुनाबाईंना बसवलं, शाल पांघरली. शेवटी त्यांनाच राहवेना.

"यमुना, तो ओव्हन बिघडलाय बरं का. तुझं काही चुकलं नव्हतं."

यमुनाबाईंनी परक्या माणसाकडे बघावं तसं सभ्यपणे त्यांच्याकडे बघितलं. "असं का? कोणाचा ओव्हन?"

अच्युतराव त्यांच्याकडे वाकले. "इथे एक बाई राहायच्या. फार सुरेख नानकटाई करायच्या. सगळ्या गल्लीला द्यायच्या."

"हो का?" त्या जरा हिरमुसल्या. "मला नाही दिली कधी."

अच्युतरावांनी त्यांची घसरलेली शाल पुन्हा खांद्यावर ओढली आणि ऊन सरकलं तशी खुर्चीही थोडी सरकवून दिली.