ताईंपुढे ठेवलेली परात

नातीला गणित शिकवायला घरी येणाऱ्या ताईंपुढे मी वालाची परात ठेवली आणि म्हटलं, "शिकवता शिकवता हात मोकळेच असतात की गं. एवढं सोलून टाक." हे मी कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्या तोंडाकडे बघतात, आणि मग हसायचे थांबतात.

तेव्हा मी पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. आजी झाले होते, पण नातीशिवाय दुसऱ्या कुणी आजी म्हटलेलं मला खपत नसे. सगळ्या जगाची मी काकू. आणि काय ती काकू! बाजारात आपल्याला आजवर कोणी फसवलं नाही, असा माझा पक्का समज होता. फसवलं असेल तर ते माझ्या कानावर आलं नव्हतं, इतकंच.

आमचं घर चौक गावापासून थोडं आत, भाताच्या शेताला लागून. मुलगा साजगावच्या कारखान्यात पाळीवर जायचा, सून खोपोलीला एका दवाखान्यात कागदपत्रं बघायची. नात दिवसभर माझ्याकडे. पाचवीत होती. भागाकार दिसला की तिच्या पोटात दुखायचं. सोंग नव्हतं ते, पोर खरोखर घामाघूम व्हायची. शाळेतल्या बाईंनी सुनेला बोलावून सांगितलं, "हिला आत्ताच कुणीतरी हाताला धरून शिकवा. आता राहिलं तर गणित कायमचं राहील."

सून म्हणाली, "घरी येणारं कुणीतरी बघूया."

मी म्हटलं, "तू दवाखाना सांभाळ. मास्तर मी बघते."

मी मास्तर कसा बघितला? दाराबाहेरच्या चपला बघून. ज्या ढाब्यासमोर ट्रक जास्त, तिथलं जेवण चांगलं, हे हायवेवरचं शास्त्र. तेच मी विद्येला लावलं. चौकला एका गॅरेजच्या माडीवर क्लास होता, जिन्यावर चपलांचा नुसता खच. मी वर जाऊन सरांना विचारलं, "पोरं किती हायत?"

"बसायला जागा नाही, काकू," सर छाती फुगवून म्हणाले.

मग तर मला तिथंच जागा हवी झाली. हुज्जत घालून मिळवली. नात शेवटच्या ओळीत, खिडकीला. खाली पत्रा ठोकायचे, वर सर ओरडायचे. दोन महिन्यांनी तिला भागाकार येत नव्हता, पण ट्रकचं पंक्चर कसं काढतात ते मात्र सगळं येत होतं. पोटात दुखायचं ते आता क्लासच्या जिन्यापासूनच सुरू व्हायला लागलं.

तेव्हा सुनेनं मला न विचारता ताई शोधल्या. लोधिवलीच्या. कॉलेजात शेवटच्या वर्षाला होत्या, गणितच घेतलं होतं. वडील आजारपणानं घरी बसलेले, आई एका फार्महाउसवर झाडांना पाणी घालायला जायची. संध्याकाळी टमटमनं फाट्यावर उतरायच्या आणि तिथून चालत यायच्या. आता लिहिताना मी "त्या" म्हणते. तेव्हा माझ्या तोंडात "ती पोरगी" असायचं.

शोधल्या सुनेनं, पण फीचं बोलणं मी माझ्याकडे ओढून घेतलं. त्यांनी आकडा सांगितला. मी सुकट घेताना करते ते सगळं केलं. तोंड वाकडं केलं, "एवढे?" म्हटलं, आणि उठून जायचं सोंग केलं. आपल्याच घरात, आपल्याच ओटीवरून उठून मी कुठं जाणार होते, देव जाणे.

"काकू, टमटमलाच त्यातले बरेच जातात."

"अगं, एकच तर पोर हाय. तीबी गरीब गाय. तुला तरास काय?"

ताई म्हणाल्या, "बरं. तुमी म्हणाल तसं."

इतक्या लवकर "बरं" ऐकू आलं की घासाघीस करणाऱ्याला चुटपुट लागते, अजून थोडं तोडायला हवं होतं. मला तीच लागली. त्या घरात पैशाची किती ओढ असेल म्हणून ते "बरं" आलं, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

आणि ताईंनी शिकवलं कसं, तर आवाज न चढवता. नात चुकली की म्हणायच्या, "वाट कुठं चुकली बघूया, चल मागं." मग दोघी उलट्या पावली गणितातून मागं जायच्या आणि चूक सापडली की नात अशी ओरडायची, जणू गवतात अंडं सापडलं. पोटदुखी कधी गेली ते कळलंसुद्धा नाही. संध्याकाळ झाली की पोर फाट्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायची. एकदा तिनं जेवताना आजोबांना भागाकार घातला. त्यांना आला नाही. त्या दिवशी तिचा जो चेहरा फुलला होता तो मी अजून विसरले नाही.

आता वालाचं सांगते. भात निघालं की आमच्या शेतात कडवे वाल लावतात. वर्षभराचे घरात ठेवायचे. आदल्या दिवशी भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सालातून काढायचा. ते बिरडं. खायला झकास, सोलायला जिवावर येतं. शनिवार-रविवारी फार्महाउसवर येणाऱ्या मुंबईच्या मंडळींना बिरडं हवं असतं, पण सोललेलं हवं असतं. हायवेवरच्या एका ढाबेवाल्याकडे मी पिशव्या भरून ठेवायची, तो विकून द्यायचा. चांगले पैसे सुटायचे.

म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माझी परात सोलून व्हायला हवी. आणि शुक्रवारी संध्याकाळी माझ्या ओटीवर दोन रिकामे हात बसलेले.

पहिल्यांदा ताई हसल्या. त्यांना वाटलं, एक दिवसाचं आहे. आमच्याकडे कुणी शेजारीण गप्पा मारायला आली तरी आपण होऊन परातीत हात घालते, बोलता बोलता सोलून देते, त्यात कुणाचं काही जात नाही. मीही स्वतःला तेच सांगितलं, घरचीच समजते मी हिला. पण घरच्या बाईनं आपण होऊन हात घालणं वेगळं, आणि पगारी माणसापुढं परात सरकवणं वेगळं. एवढा फरक मला कळत नव्हता असं नाही. तो न कळणं सोयीचं होतं.

दुसऱ्या शुक्रवारी परात ठेवली तेव्हा ताई हसल्या नाहीत. तिसऱ्या शुक्रवारी मी काही बोललेसुद्धा नाही, त्या आल्या तेव्हा परात त्यांच्या जागेशी तयारच होती. ओल्या बोटांनी पेन धरायच्या, म्हणून नातीच्या वहीची पानं ओली होऊन फुगली. मी त्यावर म्हणाले, "हात पुसून घेत जा गं, वही भिजते."

त्यातही ताईंनी रस्ता काढला. सोललेल्या दाण्याच्या दोन डाळी करून नातीला अर्धा आणि पाव दाखवला. पोरीला अपूर्णांक एका संध्याकाळी कळले. मी आळीभर सांगत सुटले, "माझ्या वालावर शिकते माझी नात!"

आमचे हे सुपारी कातरत म्हणाले, "तुझं बरं हाय. तिची फी तीच सोलते. तुझ्या पदरचं काय जातंय?"

मला ते कौतुकच वाटलं. त्यांच्या बोलण्यातली सुई टोचायला मला काही वर्षं लागली.

मग तो शुक्रवार आला. मी आत चुलीशी होते. ताई बाहेर शिकवत होत्या, आणि त्या दिवशी नातीला गणित समजलं नव्हतं म्हणून त्यांनी परात बाजूला सारून वही दोन्ही हातांत घेतली होती. तेवढ्यात नातीचा आवाज आला. हुबेहूब माझा सूर, माझा हेल, मान वेळावली असणार तीसुद्धा माझ्यासारखीच.

"ताई, तुमी वाल सोला आधी. आजी पैसे देते ना तुमाला?"

आणि मी आत हसले. पोर माझी नक्कल किती छान करते, म्हणून हसले. लगेच पदर तोंडाला लावला. बाहेर काही गेलं नाही अशी माझी खात्री होती.

बाहेर वालाची सालं पाण्यात पडतात तो बारीक आवाज सुरू झाला. ताईंनी परात पूर्ण सोलली. हात धुतले. नातीला गृहपाठ दिला. मला आत हाक मारून म्हणाल्या, "येते, काकू." नेहमीसारखंच.

सोमवारी त्या आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. सुनेच्या फोनवर निरोप आला, सध्या यायला जमणार नाही.

"का गं जमणार नाही?" सून मला विचारायला लागली.

"आजकालच्या पोरी," मी म्हणाले. "टिकतात कुठं."

त्या रात्री ताटात बिरडंच होतं. नात खाईना. सुनेनं विचारलं तर म्हणाली, "ताई माझ्यामुळे येत नाहीत. मी त्यांना वाल सोला म्हटलं."

"वाल?" सुनेला परातीचं काही माहीत नव्हतं, ती घरी यायची तोवर परात आत गेलेली असायची. "असं बोलायला तुला कुणी शिकवलं?"

पोरीनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही सांगते. तिनं सांगितलं नाही. मान खाली घालून म्हणाली, "कुणी नाही."

दहा वर्षांच्या पोरीनं मला झाकलं. आणि मी झाकून घेतलं! भाताचा घास तोंडात फिरवत बसले. शेवटी आमचे हे म्हणाले, "अगं, बोल की काहीतरी. बाजारात तर लई बोलतेस." तेव्हा कुठं मी सुनेला सगळं सांगितलं. सून रागावली नाही. ताटातलं बिरडं तिनं बाजूला काढलं आणि नुसता आमटीभात खाल्ला. रागावली असती तर मी दोन शब्द उलट बोलून मोकळी झाले असते.

दोन-तीन दिवसांत नातीची पोटदुखी परत आली. वही उघडली की हात पोटावर. मी तिला म्हटलं, "मी आणते ताईंना."

"तू नको जाऊ," ती म्हणाली. "तू पैशाचं बोलशील."

तरी गेले. जाण्याआधी आणखी एक शहाणपणा केला. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून एक परात वाल स्वतः सोलले, कुणाचा हात लागू न देता. पाठ धरली, बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली, नखांत सालं गेली. पिशवीत भरलं तर एवढंसं दिसायला लागलं. ती पिशवी घेऊन मी टमटममध्ये बसले. ज्या मुलीला वालानं घालवलं, तिला परत आणायला वालच घेऊन निघाले होते! अर्ध्या वाटेत ते लक्षात आलं, पण पिशवी टाकवली नाही. इतके सोललेले वाल टाकायचे कसे?

लोधिवलीला त्यांच्या दोन खोल्यांच्या घरापुढं पडवीत चार-पाच पोरं चटईवर बसली होती आणि ताई मधोमध. मला बघून त्या उठल्या. पोरांना म्हणाल्या, "तुमी करा, मी आले." मला आत खुर्ची दिली, तांब्याभर पाणी दिलं. आतल्या खाटेवर वडील झोपले होते. ताईंनी चहा टाकला. मी नको म्हटलं तरी टाकला.

मी पैशाचंच बोलले. नातीनं बरोबर ओळखलं होतं. "तू पहिल्यांदा सांगितलीस ना, तेवढी फी देते. मागचीबी देते, कमी दिलेली सगळी. टमटमचे वेगळे."

"मागचं नको, काकू. मी हो म्हटलं होतं."

"मग ये की गं. पोरगी परत पोट धरून बसलीय."

ताईंनी चहाचा कप माझ्या हातात दिला. "तिला इथं पाठवा. या पोरांबरोबर बसेल. यांची जी फी, तीच तिची. तुमच्या घरी मी नाय येणार."

नात शिकणार होती. मी एवढ्यासाठीच आले होते, चहा पिऊन निघायला हवं होतं. पण माझी जीभ कधी वेळेवर थांबली आहे? दारात चपला घालताना मी ती पिशवी त्यांच्या हातात कोंबली, "मी सोललेत, स्वतः," असं सांगितलं, आणि म्हटलं, "वालाचं मनात ठेवू नको गं. आणि ती तर काय, लहान पोर हाय."

त्यांनी पिशवी घेतली. पडवीतल्या पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, "वालाचं काय नाय हो, काकू. आईबरोबर मी घरीपण सोलते. पोरगी बोलली त्याचंपण काय नाय. पण ती बोलली तेव्हा तुमी आत हसलात ना, ते मला ऐकू आलं."