उरलेली जागा सुमनची

फोन आला तेव्हा मी दवाखान्याबाहेर शहाळेवाल्यापाशी उभा होतो. माझा मुलगा म्हणाला, "दादा, वर या... आई गेली." शहाळेवाल्यानं कोयता उचललेला होता. माझं तोंड बघून तो तसाच थांबला. म्हणाला, "फोडू का नको, बाबा?" मी म्हणालो, फोड. बायकोसाठी, सुमनसाठी घेतलेलं ते शहाळं मी तिथंच उभ्यानं प्यालो. पैसे दिलेली वस्तू टाकलेली तिला खपायची नाही. मग वर गेलो. कुणाला हे विचित्र वाटलं तर वाटू द्या.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लई माणसं आली. जो तो उठून एकच बोलायचा, बाईनं लई सोसलं. ऐकून ऐकून माझं डोकं तापलं. सोसलं म्हणजे काय मोठं केलं? माझी बायको अख्ख्या कारखान्यात एकटी अशी होती की जिनं कॉम्प्युटरला एका वेळी दोन कामं करायला लावली, ते कुणी बोललं नाही. कुणाला माहीतच नाही. म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखन पेपरवाल्यांनी बघून घ्यावं.

ऐंशी साल मागे पडून नव्वद जवळ आलेलं, तेव्हाची गोष्ट. आम्ही भरे गावात राहायचो. सुमन मॅट्रिक झालेली, पौडला टायपिंग शिकलेली, आणि उरवड्याच्या एका स्प्रिंगच्या कारखान्यात टायपिस्ट. मी दुसऱ्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर होतो. उजवा हात प्रेसखाली आला आणि मी घरी बसलो. पोरगं लहान, घर तिच्या पगारावर. त्यातच त्यांच्या हापिसात कॉम्प्युटर आला आणि तिचा टाइपरायटर टेम्पोत घालून पुण्याच्या हेड ऑफिसला नेला. आता टायपिंग ह्याच्यावरच करायचं, म्हणे. पण मशीन एक आणि कामं दोन. स्टोअरचे देशमाने साहेब त्याच्यावर मालाचा हिशेब लावायचे. तो एकदा सुरू झाला की तासन् तास चालायचा, आणि तोवर सुमन शेजारी हात बांधून बसलेली. पत्रं तुंबली. घरी आली की भाकरी थापताना एकदम थांबायची, तवा धुरायचा. मी ओरडायचो, "अगं, करपतीया!" तर म्हणायची, "टायपिस्ट रिकामी बसलेली कुणाच्या तरी डोळ्यावर येनार, बगा."

तसंच झालं. हेड ऑफिसनं एक फ्लॉपी पाठवली. त्यातला प्रोग्रॅम मशीनमध्ये टाकला की हिशेब पाठीमागं चालत राहणार आणि पुढं पत्रं टाइप करता येणार. सोबत निरोप, मालक बघायला येतील तोपर्यंत हे जमलं तर ठीक, नाहीतर पत्रं पुण्यातच टाइप होतील, उरवड्याला टायपिस्टची गरज नाही. देशमाने साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या मागं माल पाठवायची घाई. त्यांनी इंग्रजी पुस्तक तिच्यापुढं ठेवलं, "बाई, नोकरी तुमची, तुम्हीच बसा." ती बसली. पुस्तक, डिक्शनरी आणि ती.

मला घरात बसवेना. दुपारचा डबा न्यायचं निमित्त काढलं. वॉचमन ओळखीचा होता, आत सोडायचा. त्यामुळं काय चाललंय ते थोडंफार बघितलं. त्या प्रोग्रॅमला प्रत्येक कामाची माहिती भरून द्यावी लागायची. एक प्रश्न असा, की हे काम पडद्यावर कुणाला न विचारता स्वतःच लिहितं का? सुमननं लिहिलं, नाही. मला म्हणाली, "येवढा आगाऊपणा कोन करंल?" आणि तिचा तो लिहायचा प्रोग्रॅम नेमका तसाच आगाऊ निघाला. देशमाने साहेबांच्या स्प्रिंगच्या आकड्यांवर तिचं पत्र उमटलं. साहेब ओरडले, "बाई, माझ्या मालात हे डिअर सर कोण घुसलेत?" सगळे हसले. ती हसली नाही. तिनं नाहीचं हो केलं आणि डिअर सर आपल्या जागी गेले.

पण खरं दुखणं पुढंच होतं. छोटं पत्र लिहून व्हायचं. पत्र जरा लांबलं की मशीन म्हणायचं जागा संपली, आणि अडकून बसायचं. लिहिलेलं सगळं जायचं. परत पहिल्यापासून. मालक दुसऱ्या दिवशी यायचे होते. मी डबा घेऊन गेलो तर तिचा चेहरा राखेसारखा. समोरची भाकरी माझ्याकडं सरकवून म्हणाली, "तुमी खावा, मला भूक न्हाई." देशमाने साहेब तिथंच उभे होते. त्यांनी विचारलं, "मशीनच्या मेमरीची वाटणी कशी केलीत? माझ्या हिशेबाला किती दिली?"

"तुमचं काम मोठं, साहेब. आदी तुमाला भरपूर दिली. उरली त्येच्यात माझी पत्रं बसवली."

"अहो, मला किती लागते ते विचारलंत का? निम्मी रिकामी पडून असेल. एवढं मोठं पोट नाही माझं."

माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "घरात बी ह्येच करती, साहेब. समद्यांना वाढून झालं की पातेल्याच्या बुडाचं खरवडून खाती. मशिनीला बी तीच सवय लावली हिनं."

सुमन फणकारली, "तुमी डबा द्यायला आलाय का माझी गाऱ्हानी सांगायला? गप बसा." पण कान लाल झाले होते. साहेबांनी खुर्ची ओढली. तिनं त्यांच्या हिशेबाचा आकडा कमी केला आणि आपल्या पत्रांचा जरासा वाढवला. साहेब म्हणाले, "आणखी घ्या." तिनं आणखी जरा वाढवला. "घ्या हो बाई, लाजताय काय?" तर ही म्हणाली, "बास, बास, साहेब!" आणि खरंच डावा हात पुढं आडवा धरला, पंगतीत ताटावर धरतात तसा. साहेब हसत सुटले. मी पण हसलो. शेवटी ती स्वतः हसली... कितीतरी दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी मालक आले. मला आत सोडणार नव्हते, मी फाटकापाशी थांबलो. आत काय चाललंय काही कळत नव्हतं. वॉचमन सांगायचा, "आत चा गेलाय." मग, "आजून येकदा चा गेलाय." चहा दोनदा जाणं चांगलं का वाईट, ह्यावर मी डोकं फोडत बसलो. हात गेला, आता हिची नोकरी गेली तर पोराला काय घालायचं... बिड्या ओढून ओढून तोंड कडू झालं. संध्याकाळी ती बाहेर आली. मला बघून थबकली.

"सकाळधरनं हितंच?"

"काय झालं ते सांग आदी."

तिनं रिकामा डबा माझ्या चांगल्या हातात दिला. "उद्या भाकरी येक जास्त आना," म्हणाली, आणि पुढं चालू लागली.

त्यानंतर कारखाना बंद पडेपर्यंत ती तिथंच होती. मशीनं बदलली, साहेब बदलले, ही राहिली. मशीनला नीट वाढायला शिकली, स्वतःला वाढायला मात्र शेवटपर्यंत शिकली नाही. त्याचा मला आजही राग येतो. गेल्या वर्षापासून पोटात दुखत होतं. आधी भात झोडून होऊ द्या म्हणाली. मग भाचीचं लग्न उरकू द्या. मग नातवाची परीक्षा. मी रोज भांडायचो, ती रोज पुढचं काम दाखवायची. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं, आणि काय सांगणार ते त्यांच्या चालण्यावरूनच समजलं.

आता घरात सून आहे, वैशाली. गुणाची पोर. परवा पावणे भेटायला आलेले. वैशाली चहा टाकताना एक हात कमरेवर दाबून उभी राहिली, ओठ आवळून. मी विचारलं, काय होतंय? "कायी न्हाई, दादा. पावनं गेलं की दाखवीन कवातरी." मी बाहेर जाऊन पावण्यांना सांगितलं, "चा तुमचा तुमी गाळून घ्या, आमी पौडला दवाखान्यात चाललोय." त्यातला एक तोंड वाकडं करून बघत होता. बघू दे.

डॉक्टरनं तपासण्या सांगितल्यात. रिपोर्ट अजून यायचाय. रात्री झोप लागत नाही. तोवर मी एक केलंय, जेवायच्या वेळी माझ्या ह्या धड राहिलेल्या डाव्या हातानं पहिलं ताट वैशालीला वाढतो. सांडतं, पण वाढतो. ती मान खाली घालून जेवती... आणि चार घास झाले की हळूच वाकून बघती, पातेल्यात बाकीच्यांना उरलंय का. सुमन अगदी अशीच बघायची.