शुक्रवारी पिंप रिकामं का होतं

कुत्रीला मेंढ्या वळवायला शिकवायचं म्हणजे धावायला शिकवायचं, असा माझा समज होता. धावणं तिला उपजतच येतं. शिकवावं लागतं ते थांबणं. हे मला भाईंनी सांगितलं होतं. मी ते ज्या दिवशी विसरलो त्या दिवसाचा दोष आजवर भाईंच्या नावावर आहे. तो माझा आहे, एवढंच मला लिहायचं आहे.

नव्वदच्या दशकात मी बहरीनला मेंढ्यांच्या यार्डात सुपरवायझर होतो. हिद्द गावाच्या बाहेर, समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर आमचं यार्ड होतं. ऑस्ट्रेलियातून जहाजाने आलेल्या मेंढ्या तिथे काही दिवस राहायच्या आणि मग कसाईखान्याकडे जायच्या. साहेबही ऑस्ट्रेलियनच. त्याने पिल्लू असताना आणलेली एक काळी-पांढरी कुत्री होती आणि ती भाईंच्या ताब्यात होती. भाई रायगडकडचे कोकणी मुसलमान, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे. तरुणपणी ते मेंढ्यांच्या जहाजावर खलाशी होते आणि तिथल्या एका गोऱ्या मेंढपाळाकडून शिट्ट्या शिकले होते. तोंडात बोटं न घालता, नुसती जीभ दुमडून वाजवायचे. लांब शिट्टीला कुत्री डावीकडून वळसा घ्यायची, दोन आखूड शिट्ट्यांना उजवीकडून. एक शिट्टी उतरत जाणारी होती. ती ऐकली की कुत्री असेल तिथे पोट टेकायची.

भाई तिला कधी कुरवाळत नसत. कुत्र्याची लाळ त्यांच्या धर्मात नापाक, ती लागली की सात वेळा हात धुवायचे, त्यात एकदा माती लावून. नमाजाचे कपडे त्यांनी वेगळे ठेवले होते. मी चिडवायचो, "भाई, ती तुमच्यापेक्षा स्वच्छ आहे."

"म्हणून तर धुतो, भाऊ. माझा वास तिला नको लागायला."

कुरवाळलं मी. बिस्किटं मी दिली. तरी मी शिट्टी मारली की ती आधी भाईंकडे बघायची.

त्या वर्षी गोऱ्या लोकांच्या एका क्लबने मेंढ्या वळवायची स्पर्धा ठरवली. उन्हाळ्यात सगळे आपापल्या देशी जाण्याआधी, एप्रिलच्या शेवटी. माणसाने एका खुंटाजवळ उभं राहायचं, जागा सोडायची नाही. कुत्र्याने लांबून पाच मेंढ्या आणायच्या, दोन फाटकांतून काढायच्या आणि छोट्या कुंपणात घालायच्या. साहेबाने भाईंना उभं राहायला सांगितलं. भाई म्हणाले, "तिथं सगळे मडमा नि साहेब. मला नाय जमायचं. भाऊला उभा करा, त्याला इंग्लिश येतं." मी लगेच हो म्हणालो. बायकोला सांगितलं, ईसा टाउनच्या आमच्या बिल्डिंगमध्ये चार जणांना सांगितलं. मुलगी हसून म्हणाली, "बाबा, यू आर अफ्रेड ऑफ डॉग्ज." पूर्वी मी खरंच घाबरायचो.

सराव उजाडताना व्हायचा. दहा मिनिटं झाली की भाई हात वर करायचे. मग कुत्रीला पिंपाजवळ न्यायचं. निळं प्लास्टिकचं पिंप अर्धं कापून तिच्या पाण्यासाठी ठेवलं होतं. ती त्यात सरळ बसायची. मी कुरकुर केली की म्हणायचे, "ही जात मरेपर्यंत काम करते, भाऊ. दमले असं ती बोलणार नाय. तिच्या वतीनं आपण बोलायचं."

मला जमत नव्हतं. ती पहिला वळसा घ्यायची आणि मध्येच थांबून भाईंना शोधायची. माझी खात्री झाली की भाई समोर नसतील तर ती माझं ऐकेल.

स्पर्धेच्या आधीच्या शुक्रवारी भाई जुम्म्याच्या नमाजाला हिद्दला गेले. साडेअकरा वाजले होते. मी कुत्रीला बाहेर काढलं, पाच मेंढ्या सोडल्या आणि शिट्टी मारली. ती गेली. भाई कुठेच नव्हते, तिने मागे वळून पाहिलं नाही. डावीकडे म्हटलं की डावीकडे, बस म्हटलं की बस. दोन्ही फाटकं, मग कुंपण. आयुष्यात माझं इतकं कोणी ऐकलं नव्हतं. मी पुन्हा मेंढ्या सोडल्या. मग पुन्हा. मी घड्याळ पाहिलं नाही असं मी पुढे स्वतःला सांगत राहिलो. पाहिलं होतं. पाऊण तास झाला होता, आणि मी म्हटलं, आता शेवटचं एकदा.

त्या शेवटच्या वेळी ती कुंपणापाशी तिरकी चालू लागली आणि पडली. जीभ काळसर झाली होती. मी तिला उचलून पिंपाजवळ आणलं. पिंप काठोकाठ भरलेलं होतं, भाई सकाळी भरूनच जायचे. पिंप कलंडवून ते सगळं पाणी मी तिच्या अंगावर ओतलं. ती उठली नाही. मग मी तिला तिच्या जागेवर, पत्र्याच्या आडोशाला ठेवलं, मेंढ्या आत घातल्या आणि ऑफिसात जाऊन बसलो. ओतलेलं पाणी बघता बघता वाळून गेलं.

भाई परत आले. तिच्याजवळ उकिडवे बसले. तिच्या केसांत रेती होती, ती त्यांनी बोटांनी काढली. हात धुवायला उठले नाहीत. मला विचारलं, "भाऊ, हिला कोणी बाहेर काढली?"

"मला काय माहीत?" मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

साहेब आला तो पिंपाकडे बघत राहिला. कोरडं पिंप, उन्हात तापलेला पत्रा, आणि माणूस नमाजाला गेलेला. त्याने मला एकच विचारलं, सकाळी पाणी भरलं होतं का? मी म्हणालो, मी पाहिलं नाही.

महिन्याच्या आत भाईंचा व्हिसा कॅन्सल झाला. मुलीचं दहावीचं वर्ष सुरू आहे, माझी नोकरी गेली तर कसं होईल, असं मी तेव्हा मनाशी म्हणत होतो. ते खोटं नव्हतं. पण मला लाज वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. कुत्री माझं ऐकत होती म्हणून मेली, हे माझ्या तोंडून निघेना.

निवृत्त होऊन परतल्यावर एकदा त्यांच्या गावी गेलो. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. भाईंनी चार शेळ्या पाळल्या होत्या. भाभींनी चहा दिला आणि हसत म्हणाल्या, "बघा भाऊ, शेळ्यांना दिवसातनं चारदा पाणी दाखवतात. तवा एकदा कुत्रीला दाखवलं असतं तर? अख्खा गाव बोलतो, कुत्रीपायी नोकरी घालवून आला."

मला वाटलं भाई माझ्याकडे बघतील. ते बशीतल्या चहाकडे बघत म्हणाले, "भरलेलं मला आठवतं. पण पिंप तर सुकं होतं. जुम्म्याची घाई, राहिलं असंल."

ते मला वाचवत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी चहा प्यायलो, बिस्किट खाल्लं आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठलो.

भाई गेल्या वर्षी वारले. मी भाभींना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आयुष्यभर मी त्यांना बोलले, भाऊ. जेवताना बोलले, पाव्हण्यांसमोर बोलले." मग म्हणाल्या, "हे लिहून द्या. मी सांगितलं तर पोरं म्हणतील, बाबा गेले नि अम्मा आता त्यांची बाजू घेते."