फोटोबाहेरच्या काकू

गावाच्या इतिहासात जागा मिळवायला किती पॅनकेक भाजावे लागतात? मेपल सिरपचा वास आला की ती सकाळ आठवते. इंग्लंडमधल्या एका जुन्या बाजारगावाचं नाव मिरवणाऱ्या आमच्या अमेरिकन गावात समाजकार्य करणाऱ्या सेवा क्लबने गावासाठी पॅनकेकची न्याहारी ठेवली होती. शेजारच्या काकू क्लबच्या जुन्या सभासद; पहाटेपासून पॅनकेकच्या तव्यापाशी त्याच होत्या. टाउन हॉलच्या इतिहासाच्या भिंतीसाठी सभासदांचा फोटो काढायचा ठरला आणि अध्यक्षांनी काकूंच्याच हातात कॅमेरा दिला. “काकू, तुम्हीही उभ्या राहा ना!” मी चिडून म्हणाले. “जाऊ दे गं, अवतार बघ माझा, सगळं पीठ!” “तेच पीठ खाल्लं ना सगळ्यांनी!” काकूंनी हसून बटण दाबलं. तो फोटो आजही भिंतीवर आहे, काकूंशिवाय. तुमच्या हाती कुणी असा कॅमेरा दिला, तर परत करा आणि पुढच्या रांगेत उभे राहा.