गाडीतून उतरायचं नाही

मामाच्या जंगलातल्या लॉजवर जायचं ठरलं तेव्हाच बाबा म्हणाले होते, "त्या माणसाच्या हातचं मी पाणीही पेणार नाही."  आई पिशवी घेऊन माझ्या गाडीत पुढे जाऊन बसली. थोड्या वेळाने बाबाही मागे येऊन बसले, आणि आम्ही नागपूरहून निघालो.

आम्ही गोंड. आईबाबांचं गाव जंगलाच्या पोटात होतं. माझ्या जन्माआधी वनखात्याने ते तिथून उठवलं आणि लोकांना बाहेर उघड्या माळावर जागा दिली. बाबा त्या माळावर राहिलेच नाहीत. नागपूरला आले, धंतोलीतल्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून लागले. मामा तिथेच राहिला. अलीकडे त्याने आणि गावातल्या काही घरांनी मिळून जंगलाच्या गेटजवळ मातीच्या खोल्या बांधल्या. आता पुण्यामुंबईचे पाहुणे येतात, आणि सकाळी मामा गाइड होऊन त्यांना जिप्सीतून जंगल दाखवतो.

बाबांचा राग जुना होता. गाव सोडायला कोणी तयार नव्हतं तेव्हा मामाने सगळ्यांत आधी ट्रकवर सामान चढवलं होतं. त्याला पाहून बाकीची घरं हलली.

मलाही ते लॉज पाहताक्षणी डोळ्यात खुपलं. आजीचं जातं अंगणात मधोमध मांडून ठेवलेलं, आणि एक बाई त्याच्याजवळ बसून फोटो काढून घेत होती.

"हे काय दाखवाले ठेवलं काय?" मी मामीला विचारलं.

"पाहुण्याईले आवडते," मामी म्हणाली. "तुले नाही आवडत तं नको पाहू."

जेवायला बाबा आलेच नाहीत. खोलीत बसून त्यांनी घरून आणलेली बिस्किटं खाल्ली. मामा दारात येऊन म्हणाला, "भाऊजी, सकाळी जिप्सीत चला. आपल्या गावावरून नेतो." बाबांनी दार लोटून घेतलं. पण पहाटे सगळ्यांच्या आधी तेच जिप्सीत चढून बसले होते.

आमच्यासोबत कॅमेरेवालं एक जोडपं होतं. बराच वेळ सागाच्या रानातून गेल्यावर एकदम मोकळं कुरण लागलं. कमरेएवढं गवत, पलीकडे चितळांचा कळप. मामाने गाडी थांबवायला सांगितली आणि हळूच म्हणाला, "हेच."

आईने पदर तोंडाला लावला. बाबा उठून उभे राहिले.

"काका, बसा ना, हरणं पळतील," कॅमेरेवाला म्हणाला.

"मी उतरून राहिलो," बाबा म्हणाले.

"भाऊजी, उतरता येत नाही. बसा. माहं काम जाईल."

"काहून? माह्या घरी जायाले मले तुही परवानगी लागते?"

"भाऊजी, हात जोडतो."

"हात जोडते! ट्रकवर चढताना कोणाले हात जोडले होते बे?"

आणि ते उतरले. गवत तुडवत सरळ आत चालू लागले. चितळं उधळली. मामा मागे धावला, त्यांचा दंड धरला. बाबांनी त्याला ढकललं, मामाने त्यांची कॉलर पकडली, आणि साठी उलटलेली ती दोन माणसं गवतात एकमेकांना ओढत, शिव्या देत राहिली. शेवटी ड्रायव्हरने आणि मी बाबांना उचलून गाडीत आणलं. कॅमेरेवाला व्हिडिओ काढत होता. मी त्याच्या हातावर फटका मारला, पण तोवर त्याने तो कुणाला तरी पाठवलाही होता.

आम्ही परत पोचलो तोवर गेटवर सगळं कळलं होतं. मामीने आमच्या पिशव्या अंगणाबाहेर नेऊन ठेवल्या. "पुन्हा इकडे पाय ठेवू नका," ती बाबांना म्हणाली.

आईने पिशव्यांतून स्वतःची उचलली आणि पुन्हा आत नेली. "माह्या भावाच्या पोटावर लाथ मारली तुम्ही," ती म्हणाली. "तुम्ही जा."

मामाचं गाइडचं काम बंद झालं. तो आता लॉजवर पाहुण्यांचं जेवण पाहतो. आई दिवाळीपर्यंत त्याच्याकडेच राहिली. आली ती माझ्यासाठी, असं तिने मला स्पष्ट सांगितलं. बाबांचं ताट ती वाढते, पण त्यांच्याशी बोलत नाही. बाबाही माफी मागत नाहीत.

मी एकदा त्यांना चिडून विचारलं, "काय मिळालं तुम्हाला तिथे उतरून?"

"काही नाही," ते म्हणाले. "आपलं घर कुठं होतं तेच समजलं नाही. सगळीकडे गवतच." मग मला म्हणाले, "तुह्या मामाले माहीत असंल. पण त्याले कोण विचारते!"