आधी पाहुणे कुठले?

"साहेब, ह्ये चाक किती येळ फिरायचं? च्या पिऊन झाला की!" वत्सलाताई म्हणाल्या. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्यांच्या वधू-वर केंद्रात माझ्या सॉफ्टवेअरचा पहिला दिवस होता आणि ते पहिल्याच स्थळाला अडकलं होतं.

समोर मनीषा बसली होती, शेजारी तिची आई. मनीषा सोलापुरातच नर्स. वडील नाहीत. तिची अट एकच, लग्नानंतर आई माझ्यासोबत राहणार. त्यावर बरीच स्थळं परत गेली होती.

"माजं सोडा ताई, मी ऱ्हाईन एकटी," आई म्हणाली.

"मग माझं नावच काढून टाका," मनीषा म्हणाली. ती हे रागाने बोलली नाही, म्हणून मला जास्त लागलं.

मी बनवली होती ऑन्टॉलॉजी. म्हणजे माहितीचा असा नकाशा, ज्यात कोण कोणाचं काय लागतं हे मशीनलाही कळतं. त्याला विचारायचा प्रश्न म्हणजे क्वेरी. ताईंना कोड लिहायला लागू नये म्हणून क्वेरी चित्रात काढायची सोय केली होती. माणसाला गोल, नात्याला रेघ. ताईंनी बोटाने झकास चित्र काढलं होतं, पण सुरुवात पाहुण्यांपासून, म्हणजे सोयऱ्याधायऱ्यांपासून.

"आमच्यात आदी पाव्हणं कुटलं त्येच इचारत्यात," त्या म्हणाल्या.

इथेच घोडं पेंड खात होतं. पाहुण्यांचे पाहुणे धरत गेलं तर मोडनिंबपासून करकंबपर्यंत सगळेच एकमेकांचे लागतात. मशीन बिचारं घरोघर हिंडत होतं.

"ताई, ज्या अटीत कमी माणसं बसतात तिथून सुरुवात करा. आधी आईचा गोल काढा."

"पर 'सासू चालंल' आसं फॉर्मात कोण लिवतंय?"

खरंच, कुणीच लिहिलं नव्हतं. पण घरात कोण कोण राहतं, हे सगळ्यांनी लिहिलं होतं. मी रेघ बदलली. असा मुलगा शोध, जो आई-वडिलांखेरीज आणखी कुणा म्हाताऱ्या माणसाला सांभाळतोय.

उत्तर लगेच आलं. मूळचा मोडनिंबचा, सोलापुरात शिक्षक, विधवा मावशीला घरी आणून ठेवलेला. ताईंनी तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर.

"आई येणार? बरंच झालं की," तो म्हणाला. "मावशीला दिवसभर बोलायला कुणी न्हाय."

मनीषाची आई खुदकन हसली आणि लगेच डोळे पुसायला लागली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

लग्नात आई आणि मावशी शेजारी बसून भाजीला नावं ठेवत होत्या. ताईंनी मला बाजूला घेतलं. "साहेब, पोरगा माज्या नणंदंच्या जावंचा भाचा निगाला!"

क्वेरी असो वा स्थळ, जी अट सोडायची नाही तिथून सुरुवात करावी. पाहुणे काय, नंतर निघतातच.